सोमाचा सप्लायर

हातावर तीर्थ पडलं की काका आधी ते हुंगायचे, मग विचारायचे, "सप्लायर कोण?" पूजा सांगणारे गुरुजी रागवायचे. काका म्हणायचे, "शारजाजवळ हमरियात रंगाच्या कारखान्यात पर्चेस बघतो मी. माल कुठून आला ते विचारणारच."

आखातात, करामा नावाच्या वस्तीत आमचे दरवाजे समोरासमोर. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. देव मानतो, पण देवाकडेही बिल मागतो.

काकांचं घराणं कोकणातलं, वेदपाठी. "पिढ्यान्‌पिढ्या सोमरसाचं कौतुक घोकलं. प्यायला एकानेही नाही. मेनू पाठ, जेवणाचा पत्ता नाही!" ती वनस्पती कुठली यावर विद्वानांचं अजून एकमत नाही, हे कळल्यापासून तर ते इरेलाच पेटले.

शारजात त्यांना एक म्हातारे मसालेवाले भेटले, यझदकडचे इराणी पारशी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. काकांनी सोमाचा विषय काढला तसे चाचा हसले. "हमारे यहाँ होम बोलते हैं. पूजा में कूटते हैं."

काका तरंगतच घरी आले. "अरे, आपला स तो त्यांचा ह! वेगळे होण्याआधी दोघांचे पूर्वज एकाच खलबत्त्यात कुटत असणार!"

पुढच्या खेपेला चाचांनी गावच्या अग्निमंदिरातल्या दोन वाळक्या काड्या दिल्या. जपून ठेवायला. काकांनी रविवारी सकाळी त्या कुटल्या आणि प्यायले.

थोड्या वेळात छाती धडधडू लागली, दरदरून घाम फुटला. मी गाडी काढली. काकू नर्स. वाटभर त्यांचा पट्टा चालू होता, "इंद्राला बीपी नव्हतं! तुम्हाला आहे!"

इमर्जन्सीत डॉक्टरने विचारलं, "क्या पिया?"

"सोम."

"सोम को? अंकल, आज इतवार है. पिया क्या, वो बोलिए."

संध्याकाळी सोडलं. मी विचारलं, "कसा होता?"

"कडूजहर. एवढ्या ऋचा चव झाकायलाच रचल्या असणार." मग म्हणाले, "बाबांना सांगायला हवं होतं रे. जन्मभर म्हणत राहिले बिचारे."

रिटायर होऊन काका चिपळूणला गेले. यंदा तिथेच झोपेत वारले. काकूंचा फोन आला, तसा मी शारजाला जाऊन चाचांना सांगितलं.

त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलं. ड्रॉवरमधून पांढरी टोपी काढून डोक्यावर घातली आणि गल्ल्यापाशी उभ्या उभ्या त्यांच्या जुन्या भाषेत प्रार्थना म्हणू लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. गिऱ्हाइकालाही कळत नसावं. त्याने हातातली जिऱ्याची पिशवी खाली ठेवली आणि तोही मान खाली घालून उभा राहिला.