सीडीतला विमानतळ

सीडीच्या जुन्या डबीचा वास आला की मला महाडमधलं माझ्या कॉलेजच्या मित्राचं घर आठवतं. त्याचे अब्बा आखातातल्या एका विमानतळावर सामान चढवायचे. त्यांनी घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर तो विमान उडवायचा खेळ खेळायचा. एकदा त्यांनी एक नवी सीडी पाठवली, आणि ती टाकल्यावर खेळात त्यांचाच विमानतळ हुबेहूब दिसू लागला. काचेची इमारत, धावपट्टीवरचे दिवे, सगळं. महिनाभर मी ते जळफळत बघितलं. आमच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता, तरी एक दिवस ती सीडी मी शर्टाखाली लपवून घरी आणली. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्याची अम्मी रडवेली झाली होती. "सीडी सापडत नाय रे. ह्यो रोज विमान उतरवतो नि मला दाखवतो, अब्बा इथं असतात म्हणून." मी काहीतरी निमित्त काढून घरी गेलो, सीडी शर्टाखाली घालून परत आलो, शोधायचं नाटक केलं आणि टेबलामागून ती काढून दिली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मित्रानं विमान उतरवलं, तशी मायलेकरं पडद्याला चिकटून बसली. माझे वडील रोज संध्याकाळी घरी यायचे, समोर बसून जेवायचे. तरीही त्या दोघांकडे बघताना माझा जळफळाट थांबला नाही, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.