हायड्रिला फ्रिजमध्ये गेली तो दिवस

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे मुकुंदराव, कुंभकोणच्या एका शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. बारावीच्या प्रात्यक्षिकाला हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान सूक्ष्मदर्शकाखाली लावायचं आणि पेशीद्रव वाहताना दाखवायचं, हा त्यांचा मान. एकतीस वर्षांत त्यांचं पेशीद्रव कधी थांबलं नव्हतं. यंदा शेवटची परीक्षा. मे महिन्यात निवृत्ती.

"पेशीतल्या त्या हिरव्या गोळ्या, हरितलवकं, स्वतः चालत नाहीत गे," ते मला समजावत. "उत्सवात स्वामी, आपला देव, काय पायांनी फिरतो? पालखीचे खांदेकरी नेतात. पेशीद्रव म्हणजे खांदेकरी. अन्न त्यानंच पोचवायचं, पेशीतली निम्मी कामं त्याच्याच अंगावर. नमस्कार मात्र स्वामीला!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी जवळच्या आडुतुरै गावच्या कालव्यातून हायड्रिला आणली आणि पाण्याच्या बाटलीत घालून मागच्या अंगणात ठेवली. मी वाणिज्य शाखेची. हिरवं, कोवळं दिसलं. कोमेजू नये म्हणून कोथिंबिरीशेजारी फ्रिजमध्ये ठेवून दिलं. सकाळी घाईत बाटलीही मीच त्यांच्या पिशवीत घातली.

नऊला शाळेतून फोन. "श्रीविद्या, बाटली रात्रभर कुठं होती?"

"फ्रिजमध्ये, मामंजी. ताजी राहावी म्हणून."

"खांदेकरी गारठले गे! एक हलेना. साडेनऊला बाहेरचे परीक्षक येतात."

"अय्यो! आता?"

"तुझी कॉफी आहे की," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं त्यांच्याच तोंडून कळलं. मी सकाळी दिलेल्या थर्मासमधली कॉफी डबऱ्यात, म्हणजे कॉफीच्या पसरट वाटीत, ओतली. त्यावर काचेची बशी, बशीत पाणी नि पानं, बाजूला दिवा. पाणी फार तापू नये म्हणून दर मिनिटाला बोट बुडवून बघत होते. मग एक पान काचपट्टीवर घेतलं. हरिणी नावाची विद्यार्थिनी भिंगाला डोळा लावून बसली.

"सर, एक सरकली! ती बघा, मागनं दुसरी!"

परीक्षक दारात आले तेव्हा सगळी मिरवणूक निघाली होती. त्यांनी भिंगातून पाहिलं, मग नाक वर केलं.

"कॉफीचा वास कसला?"

हरिणीनं खरं ते सांगून टाकलं: पानं रात्रभर फ्रिजमध्ये होती, आता कॉफीवर ऊब दिली; थंडीनं पेशीद्रवाचा वेग मंदावतो, उबेनं परत येतो. परीक्षक खूश. "अभ्यासक्रमात नसलेला प्रयोग! कल्पना कुणाची?"

"माझ्या सुनेची," मामंजी म्हणाले.

संध्याकाळी हे त्यांनी शेजारच्या विशालाक्षीमामींना दोनदा ऐकवलं. माझं कौतुक केलं की चहाडी, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.