श्रीमतींची रांग

"ताट मागं घे. तुझ्या आईला नको."

वर्गशिक्षिका बाई माझ्या पोरीला म्हणाल्या. सगळ्यांसमोर. हातातला माइक बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

शाळेचा हॉल. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, माता-पालक मेळावा. पोरगी सहावीत, वागायला शहाणी, म्हणून कुंकवाचं ताट धरायला तिला निवडलेलं. चार दिवस ती घरात पोळपाट धरून चालायचा सराव करत होती. बाकीच्या बायकांना बाईच कुंकू लावत होत्या. मी पुढं गेले तेव्हा पोरीनं स्वतःच बोट बुडवलं. आईला आपण लावायचं म्हणून. बोट वर आलं आणि बाईंचा आवाज आला.

तिनं ते लाल बोट परकराला पुसलं.

यादी वाचून बोलावणं चाललं होतं. आधी सगळ्या सौ. सौ. मनीषा, सौ. सुवर्णा, सौ. अश्विनी. एकेक जण पदर सावरत जायची. हळद, कुंकू, तिळगूळ, वाणाचा स्टीलचा डबा. मी मागच्या बाकावर. शेजारी पारनेरकडच्या एक आक्का, नातीला शाळेत आणणाऱ्या-नेणाऱ्या. नवरा जाऊन लई वर्षं झालेली.

"आपला लंबर शेवटी हाय," आक्का मला म्हणाल्या. "बस निवांत. कुकू न्हाई भेटत, पन डबा त्योच हाय बघ."

मला वाटलं, आक्का चुकतात. माझा नंबर मधे येईल.

"आता श्रीमती," बाई म्हणाल्या. आवाज खाली घेऊन. कुणाच्या दहाव्याला आल्यासारखा. आधी आक्कांचं नाव. आक्का गेल्या, तिळगूळ घेतला, डबा घेतला. मग माझं नाव.

मी म्हणाले, "बाई, माझे मालक आहेत. जिवंत आहेत."

"आहेत हो. पण नांदवत नाहीत ना? तुम्हीच सांगितलंत मला. उगाच सौ. लिहून बाकीच्या बायकांची बोलणी मी का खाऊ?"

पुढच्या रांगेतून एक जण म्हणाली, "मग गळ्यात कशाला मिरवायचं?" चार जणी हसल्या. स्टेजवर मुख्याध्यापक सर बसले होते, फेटा बांधून. ते मोबाईल बघत राहिले.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "चुकलं बाई."

माफी मागितली. कशाची, ते आजही सांगता येत नाही.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्न झालं. नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा पोरीला घेऊन इकडं आले. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला नट-बोल्ट पॅकिंग करते. ओळखीचं कुत्रं नव्हतं इथं. पोरीचा दाखला मिळेना. गावची शाळा म्हणायची, बापाची सही आणा. इथल्या सरांनी दाखल्याशिवाय तिसरीत घेतलं. मी त्यांच्या पाया पडले. दर गुरुपौर्णिमेला नारळ नेऊन ठेवत आले. बाईंना तर देवी समजायचे. त्यांनी मायेनं विचारलं म्हणून एकदा सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवत ऐकलं. आणि यादी करताना वापरलं.

संध्याकाळी पोरगी अभ्यासाला बसली. वही न मिटता म्हणाली, "आई, उद्यापासून टिकली नको लावू. बाई परत बोलतील."

रडली असती तरी चाललं असतं. तिनं 'का' विचारलं असतं तरी चाललं असतं. ती नियम पाठ करून घरी आली होती.

मला बाईंची किळस आली. हसणाऱ्या बायकांची आली. पण सगळ्यात जास्त माझी आली. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आक्का रिकाम्या कपाळानं परत येत होत्या तेव्हा माझ्या मनात आलं होतं, निदान माझा तरी जिवंत आहे. टाकून दिलेल्या बाईला एवढंच सुचलं. आपल्याहून खाली कोण, ते बघायचं.

पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या टीचरनी मला गेटजवळ गाठलं. त्यांची चाळिशी आली. शाळेच्या फलकावर अजून 'कु.' आहे. पालक त्यांना गेटवर गाठून विचारतात, "काय टीचर, औंदा तरी लाडू देणार का न्हाई?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "दाखला नसला तरी मुलाला घ्यावंच लागतं. कायदा आहे. तुमच्यावर कुणी उपकार केला नाही." आणि मागं न बघता गेल्या.

तीन नारळ. तीन वर्षं खाली घातलेली मान.

मार्चमध्ये पालकसभा झाली. दारात हजेरीचं रजिस्टर, नावं आधीच लिहिलेली. माझ्या पुढं 'श्रीमती'. मी पेन घेतलं आणि ते खोडलं. कागद जरा फाटला. मग शेजारी उभ्या आक्कांकडं बघितलं.

"आक्का, तुमचं पण खोडू?"

"खोड की. मला कुटं वाचता येतंय त्ये. पन खोड."

बाई धावत आल्या. "अहो, रजिस्टर आहे ते! काय लावलंय तुम्ही?"

"नाव माझं आहे बाई. पुढं काही नको."

सर उठून आले. "तुमच्या मुलीला आम्ही दाखल्याशिवाय घेतलंय. विसरू नका."

खोटं कशाला सांगू? पोरीला काढलं तर कुठं जाऊ, हेच डोक्यात होतं. तरी बोलले. "कायद्यानं घेतलंत, सर. आणि तुमच्या घरच्या मॅडम वारून दोन वर्षं झाली. तुमच्या नावापुढचं श्री. कुणी बदललं? तुम्हाला कुणी मागच्या बाकावर बसवलं?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. विज्ञानाच्या टीचर खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी सही केली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. आक्का मागून आल्या, माझ्या शेजारी टेकल्या.

सभा संपल्यावर रजिस्टर बघितलं. बाईंनी निळ्या पेननं दोघींच्या नावापुढं परत 'श्रीमती' लिहिलं होतं. ठळक.

लिहू देत. पुढच्या सभेला मी परत खोडीन. त्याच्या पुढच्या सभेलाही.

मंगळसूत्र काढलं. वाणाच्या त्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. टिकली मात्र लावते, आधीपेक्षा मोठी. मला आवडते म्हणून. पोरीला तसंच सांगितलं. पुढच्या संक्रांतीला ताट तिच्या हातात देणार नाहीत, हे तिला माहीत आहे. मलाही. तरी आम्ही दोघी जाणार. आणि त्या हॉलमध्ये 'चुकलं बाई' माझ्या तोंडून परत निघणार नाही.