नकाशावरची रिकामी जागा

माझी भाची व्हर्लीना डॉक्टर झाली, पण सुई टोचणारी नव्हे. वस्ती कशी वसवावी, याची डॉक्टर. अमेरिकेतल्या आमच्या नवाहो आदिवासी मुलखात अशी शिकलेली दुसरी बाई मी तरी पाहिली नाही, आणि मामा या नात्याने हे मी चारचौघांत दहादा सांगितलं आहे.

परत आली ती नळाचा आराखडा घेऊनच. आमची अर्धी वस्ती अजून पिकअपमध्ये टाकी घालून वीस मैलांवरून पाणी आणते. गावसभेने होकार दिला तर नळ येणार, नाहीतर बसा टाक्या भरत. पोरीने रीतीप्रमाणे आधी कुळं सांगितली, आईकडून 'कडू पाणी' कुळाची, वडिलांकडून 'मीठ' कुळाची. मग भिंतीवर नकाशा लावला.

देझबा आजी उठल्या. खालच्या पठारावर चराईचा हक्क त्यांचा. त्यांच्या संमतीशिवाय तिथे कुणी खुंटी ठोकत नाही. आमच्याकडे बोट दाखवत नाहीत, म्हणून त्यांनी ओठ पुढे काढून एक कोपरा दाखवला.

"तिथं काय लिहिलंय गं?"

"रिकामी जागा, आजी."

"माझा जन्म तिथला."

पोरीने घरं मोजली होती उन्हाळ्यात, तेव्हा मेंढरं आणि माणसं वर डोंगरात आणि खालचे हिवाळी वाडे बंद. परक्याने हे केलं असतं तर हसलो असतो. हिने लहानपणी त्याच वाड्यांत कोकरं राखली होती. दिव्याखाली अंधार! मला संताप आला आणि लाजही वाटली.

होकार न मिळताच सभा उठली. बाहेर आल्यावर मी टोचलंच, "आता काय, परत विद्यापीठात?"

"नाही मामा. मेंढरांमागं."

अख्खा हिवाळा ती आजींच्या कळपामागे चालली. वाड्यावाड्यावर सरपण फोडलं, पाणी वाहिलं, मटणाचा रस्सा खात विचारलं आणि लिहून घेतलं. टाचा फुटल्या, पण हट्ट सोडला नाही.

बर्फ वितळल्यावर पुन्हा सभा भरली. नव्या नकाशावर प्रत्येक वाडा होता, नळ प्रत्येकाच्या दारापर्यंत जात होता. आजींनी बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या वाड्याशेजारी ओठ वळवले.

"ही जागा का सोडलीस?"

"तिथं खरंच कुणी राहत नाही, आजी. मी चालून पाहिलं."

"मग तू राहा. दार पूर्वेला ठेव, आपल्या सगळ्या घरांसारखं," आजी म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी होकाराचा हात वर केला.