बुडबुड्याची चाल

“ताई, बुडबुडा कसा चाललाय?”

प्लाझ्माची पिशवी भरली की मामांचा हा प्रश्न आलाच. मग मी पिशवी आडवी धरायची, आतला हवेचा बुडबुडा किती वेळात या टोकापासून त्या टोकाला जातो ते बघायचं आणि सांगायचं. त्यांना स्वतःला तो दिसत नव्हता.

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात प्लाझ्मा बदलायचं मशीन मी चालवते. मामा म्हणजे माझे पेशंट, गंगापूरकडचे गुळवे. गुऱ्हाळावर रस उकळत असताना कढई नेमकी कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, म्हणून सगळं गुऱ्हाळ त्यांच्या डोळ्यांकडं बघत थांबायचं. आणि रक्ताच्या कॅन्सरनं नेमके तेच डोळे धरले. हाडांच्या मज्जेत एक प्रथिन बेसुमार तयार होत होतं, रक्त दाटत होतं आणि डोळ्यांच्या बारीक शिरांतून पुढं सरकत नव्हतं. हंगामाला तीन महिने होते. तोवर डोळे परत द्या, एवढंच त्यांचं मागणं.

पहिल्या दिवशी मी ऐटीत समजावलं. मशीन रक्त बाहेर घेतं, त्यातला प्रथिनानं भरलेला पिवळा प्लाझ्मा बाजूला काढतं, त्याच्या जागी स्वच्छ द्रव मिसळून रक्त परत देतं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे तुम्ही रसावरची मळी काढता. खाली भट्टी पेटलेलीच ऱ्हाती.”

डॉक्टर हेच सांगायला कागदावर आकृत्या काढतात! मशीननं प्रथिन उतरतं, पण थोड्या दिवसांत पुन्हा चढतं. भट्टी विझवायची ती औषधांनी, आणि औषधाला वेळ लागतो.

बुडबुडा सावकाश चाललाय म्हटलं, तर त्यांना ते पुरत नसे. “सावकाश म्हंजे कसा? गाभण म्हशीवानी का?” मी हसायची, पण नीट बघून सांगायची. मग ते म्हणायचे, दाट हाय, किंवा मागल्यापेक्षा बरं हाय. संध्याकाळी रिपोर्ट तेच म्हणायचा. मी इतकी वर्षं मशीनजवळ बसते, मला कधी असं जमलं नाही.

एका मंगळवारी मात्र सकाळच्या नमुन्यात प्रथिन एकदम उतरलेलं आलं. डॉक्टर खूश झाले. आज मशीन नको, म्हणाले, पंधरा दिवसांनी या. मामा उठले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“ताई, डोळ्यापुढं कालच्यापेक्षा जास्त धुकं हाय. सकाळची ती रक्ताची नळी थंडीत तर नव्हती ना ठेवली? काकवीतली साखर गारठ्यात खाली बसती.”

दुसऱ्या पेशंटनं हाक मारली म्हणून नळी मीच एसीखाली ठेवून गेले होते. काही पेशंटचं हे प्रथिन थंडीत गोठून तळाला बसतं. मग वरच्या पाण्यात ते सापडणार कुठून? हे मी शिकलेली होते हो, पण आठवलं त्यांना. डॉक्टरांना खरं सांगितलं, बोलणी खाल्ली. पुन्हा रक्त घेऊन दुसरी नळी मुठीत गरम धरून मी धावतच लॅबमध्ये नेली. प्रथिन चांगलंच चढलेलं निघालं. मामा घरी गेले असते तर उरलेली नजरही गेली असती. त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, “मी बी दोन कढया करपवल्यात. त्यावरच शिकलो.”

मशीन त्याच दिवशी लावलं. पुढं औषध लागू पडत गेलं. त्यांना आधी माझा हात दिसायला लागला, मग खिडकीचे गज.

शेवटच्या खेपेला पिशवी भरली. मी ती आडवी धरली आणि सवयीनं सांगायला तोंड उघडलं.

“ताई, आज तुम्ही गप बसा. मी बघतो.”

हातमोजे घालून त्यांनी पिशवी खिडकीकडं धरली. कढईवर वाकत असतील तसे वाकले. बुडबुडा सर्रकन पलीकडं गेला, आणि त्याच्याबरोबर त्यांची नजरही धावली. मला रडू आलं, लपवलं नाही.

मामा आता येत नाहीत. हंगाम सुरू झालाय, त्यांना सवड नाही. त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी असतं. मी अजूनही प्रत्येक नळी मुठीत धरूनच नेते, आणि पिशवी भरली की आडवी करून बघते. विचारणारं कुणी नसतं, तरी हळूच सांगते, “मामा, म्हशीवानी.”