नळावरची लाल फुली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी रामवाडीच्या नाक्यावर चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका.

आधी माझी ओळख. पेणला माझं काचेचं दुकान आहे. नव्वदच्या सुमारास मी माशांच्या टाक्या बनवायला लागलो, आणि खोटं कशाला बोलू, चांगल्या बनवतो. माझ्या हातची टाकी गळत नाही. वडखळपासून रोह्यापर्यंत कुणाला मोठी टाकी करायची असली, आत जिवंत झाडं लावायची असली, की तो माझ्याकडे येतो आणि एकच प्रश्न विचारतो — फिल्टर कुठला घेऊ? मी डोळे मिटून सांगतो. खडीखाली घालायची प्लेट घेऊ नको; झाडांची मुळं तिच्या फटींत शिरतात, आणि दोन वर्षांनी ती साफ करायला काढलीस की सगळी बाग उपटून हातात येते. नुसता हवेचा पंपही नको, तो लहान टाकीला ठीक. सहा फुटी टाकीला बाहेरचाच फिल्टर — खाली कपाटात बसणारा डबा, एका नळीनं टाकीचं पाणी त्यात उतरतं, दुसरीनं साफ होऊन वर जातं. यात माझा शब्द शेवटचा.

पण हा शब्द मी पहिल्यांदा दिला, तेव्हा तसला फिल्टर मी नुसता चित्रात पाहिला होता.

रोह्याला युनूसचं घर. तो मस्कतला नोकरीला. घरी त्याची बायको आणि म्हातारी आई, खैरूनचाची. एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं माझ्याकडून सहा फुटी टाकी करून घेतली — आईला दिवसभर सोबत म्हणून. फिल्टरचं विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, बाहेरचाच, आणि तिकडूनच पाठव. शेजारपाजारचे हसले. यंत्र कपाटात आणि पाणी साफ होणार टाकीतलं? मी म्हटलं, बघाच. आणि झालंही तसंच. सहा महिन्यांत झाडं अशी फोफावली की लोक मुद्दाम बघायला यायचे. निवड माझी बरोबर होती. हे आजही ठासून सांगतो.

चाचीचा जीव त्या टाकीत. गोरामी जातीचे दोन मोठे मासे होते, त्यांना ती ‘माझ्या सुना’ म्हणायची. पाण्यात बोट धरलं की ते येऊन बोटाला तोंड लावायचे आणि चाची लहान मुलीसारखी हसायची. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं तिच्याच हातचं. खरी सून गमतीनं म्हणायची, एवढी खातिरदारी माझी नाय झाली कधी.

मग त्या पावसाळ्यात — हं, आता मुद्द्यावर येतो.

घरी दावत होती. टाकी चकाचक करून दे, असा निरोप आला. फिल्टर उघडला तर आतल्या स्पंजवर आणि चिनी मातीच्या कड्यांवर तपकिरी, चिकट थर. फिल्टरबरोबर एक पुस्तिका आली होती, परक्या भाषेतली, पण चित्रं होती. एका चित्रात नळ, नळाखाली स्पंज, आणि त्यावर लाल फुली. ते चित्र मी पाहिलं होतं. पाहून काय वाटलं मला? परदेशी लोकांचे चोचले. नळ सोडला, ब्रश घेतला आणि सगळं घासून काढलं. पावसाळ्यात आमच्याकडे नळाच्या पाण्यात जंतू मारायची इतकी पावडर टाकतात की चहालाही वास येतो. त्या पाण्यानं मी कड्या पांढऱ्याशुभ्र केल्या. तो थर घाण नव्हता — पाणी साफ करणारे जंतू त्यातच राहत होते. ते गेले की उरतो नुसता डबा.

चौथ्या दिवशी पुन्हा निरोप. गेलो तर पाणी दुधट, मासे तरंगत होते, दोन्ही गोरामी त्यांत. चाची खुर्चीत बसलेली. दोन-तीन शेजारी जमले होते. त्यांतला एक म्हणालाच, पेणवाल्याचं यंत्र बाधलं. मी कपाट उघडलं. पुस्तिका तिथंच होती. ती फुली डोळ्यांपुढे आली आणि मला कळलं — त्याच क्षणी कळलं, हे लक्षात घ्या. समजायला वेळ लागला, असं मी म्हणणार नाही.

पुस्तिका खिशात घातली आणि म्हणालो, "चाची, खाणं जास्त झालं. खाली कुजलं."

का म्हणालो? माझं नाव जाईल म्हणून. दुसरं काही नाही.

चाचीनं वाद घातला नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याच हातनं झाला म्हणायचा. युनूसला तू नको सांगू, मी सांगन."

तिनं सांगितलंही. मी नवे मासे सोडले. फिल्टर हळूहळू पुन्हा तपकिरी झाला, टाकी पहिल्यापेक्षा सुंदर झाली आणि माझं नाव पार अलिबागपर्यंत गेलं. खाणं आता सून घालायची. आज मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो — स्पंज नळाखाली धरू नको, टाकीच्याच पाण्यात हलका पिळ. हे कुठं शिकलास, असं कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, घाबरून एक खोटं बोललास, झालं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे सांगायलाच बसलो नसतो. मी दर महिन्याला टाकी बघायला जायचो. आणि दर महिन्याला ती बाई, स्वतःच्या घरात, मुलानं तिच्यासाठी करून दिलेल्या टाकीपुढे उभी राहून मला विचारायची, "सुरेश, आज टाकू काय रे दोन दाने?"

दोन दाण्यांनी सहा फुटी टाकीचं काय बिघडणार होतं? पण हो म्हटलं, आणि मासे जगले, तर ती विचारणार नाही का — मग तेव्हा कसे मेले? म्हणून मी हसून म्हणायचो, नको चाची. चार वर्षं म्हणत होतो. मला लाज वाटायची, आणि तरी म्हणायचो.

ती जाण्याआधीच्या महिन्यात गेलो होतो. आजारानं फार वाळली होती. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. खाण्याची डबी उघडून चिमूट घेतली आणि हात पाण्याजवळ नेला. नवे गोरामी वर आले. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली — नको.

तिनं दाणे डबीत परत टाकले. एक दाणा बोटाला चिकटला होता, तोही झटकून आत टाकला. झाकण मी लावलं.