बस्त्यावचं गाऱ्हाणं

उत्तर सीमेवरची आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. माणसं अकरा. मी सुभेदार आणि नाईक बस्त्याव माझा सेक्शन कमांडर. तो मालवण किनाऱ्यावरचा ख्रिस्ती. माझे वडील धामापूरचे, फौजी, आई गढवाली. मी छावण्यांत वाढलो. धामापुरात मला 'पहाडी' म्हणत, आजोळी 'कोकणी'. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघण्याआधी बस्त्याव गाऱ्हाणं घाली. आमच्याकडे देवासमोर उभं राहून मोठ्याने मागणं मागतात आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. हा गडी ते शेजारच्या हिंदू घराच्या अंगणात शिकला होता.

"साहेब, तुमका गाऱ्हाणा घालूक येणा नाय? मगे मालवणी कसले तुमी?"

"तू घाल. मी होय म्हणतो."

तो धामापूरची भगवती घेई, चर्चमधली सायबीण, म्हणजे मेरीमाता, घेई आणि माझ्या आईसाठी नंदादेवीही. माझी दोन्ही घरं एका दमात मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नाहीत. फार बरं वाटायचं. फौजी माणसाने असं लिहू नये, पण वाटायचं.

त्या दिवशी पेट्रोल सहाला निघालं. सात चाळीसला मी रेडिओ घेतला.

"रिपोर्ट. ओव्हर."

"नाला पार. बर्फ मऊ लागता, साहेब. ओव्हर."

"परत फिर. ओव्हर."

"दोघे फुडे गेलेत. तेंका घेवन येतंय. आउट."

ते दोघे परत आले. बस्त्यावच्या अंगावर बर्फाचा कडा कोसळला. चौथ्या दिवशी आम्हाला तो सापडला.

निवृत्तीनंतर मी एम.ए. केलं. आता पीएच.डी.साठी गाऱ्हाणी गोळा करतो. हाच विषय का, असं गाइड विचारतात. मी आईवडिलांचं सांगतो. ते खरं आहे, पण अर्धंच. खारेपाटणपासून कुणकेश्वरपर्यंत फिरलो, पुष्कळ रेकॉर्ड केली. हवं होतं ते एकच, बस्त्यावचं, आणि त्याचा मधला भाग मला आठवत नव्हता. रोज समोर उभा असायचो, लक्ष कुठे होतं देव जाणे.

शेवटी बस्त्यावच्या आईकडे गेलो. त्याने ते घरी कधीतरी म्हटलं असेल, अशी आशा होती.

"आमच्या घरात गाऱ्हाणा कोण घालतलो?" ती म्हणाली. "तो थंय घाली, ह्या माका आज कळता. ता यंत्र ठेवा बाजूक. कसो म्हणी, माका आयकवा."

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा गाऱ्हाणं घातलं. आठवेल तसं म्हटलं, नाही आठवलं तिथे मनचं घातलं. शेवटी म्हणालो, "तुझो बस्त्याव बर्फात एकलो रवलो, तेका पदराखाली घे गो माय."

ती डोळे पुसून म्हणाली, "बरा घालतास. तेना शिकयल्यान तुमका?"

"होय मावशी," मी म्हणालो. "रोज सकाळी शिकवायचा."